नाव, पदवी आणि विद्यापीठ

बारावीचा, नीटचा निकाल लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या चौकांत फ्लेक्स चढतात. मुलाचा फोटो, त्याखाली गुण आणि गुणांपेक्षा मोठ्या अक्षरांत क्लासचे नाव. पुढचा महिनाभर त्या घरांत एकच चर्चा चालते: पोराला पाठवायचे कुठे? नांदेडला, लातूरला, संभाजीनगरला, की थेट पुण्या-मुंबईला? घर जरा धाडसी असेल तर दिल्लीचे किंवा परदेशातल्या एखाद्या जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठाचेही नाव निघते. सगळी चर्चा ‘कुठे’ची. ‘कशासाठी’ हे कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सगळ्यांनी धरूनच चाललेले असते: नाव मिळते, आणि नाव असले की नोकरी लागते.

हे उत्तर खोटे नाही. पण ते इतके अपुरे आहे की त्याच्या भरवशावर मोठ्या विद्यापीठात गेलेली आपली बरीच मुले पदवी घेऊन येतात, विद्यापीठ मात्र तिथेच राहून जाते. पदवी आणि विद्यापीठ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हे समजून घ्यायला केंब्रिजपर्यंत जायची गरज नाही; हिंगोली जिल्ह्याच्याच इतिहासात त्याचा भक्कम पुरावा आहे.

आधी नावाचा हिशेब चुकता करू. ‘नावात काय आहे, शिकणारा कुठेही शिकतो’ असे म्हणणाऱ्यांकडे बहुधा नाव आधीच असते. पुण्यातल्या प्राध्यापकाच्या मुलाला आडनाव उपयोगी पडते, वडिलांच्या ओळखी उपयोगी पडतात, कोणत्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो हे त्याला जेवताना कानावर पडून कळते. सेनगाव तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीसाठी शब्द टाकणारे कुणी नसते. अनोळखी शहरात, अनोळखी माणसासमोर मुलाखतीला बसल्यावर तिच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तिच्या प्रमाणपत्राच्या माथ्यावरचे विद्यापीठाचे नाव. तेव्हा नावासाठी धडपडणाऱ्या गरिबाला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही.

विद्यापीठाच्या नावाची किंमत तर मराठवाड्याइतकी कुणी मोजली नसेल. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला आणि त्यानंतर गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यांपैकीच एक. नाव प्रत्यक्ष बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा आज त्याच्याच कक्षेत येतो. सोळा वर्षे चाललेल्या त्या लढ्याने एक गोष्ट सिद्ध केली: विद्यापीठाच्या दारावर कुणाचे नाव आहे यावरून आत कुणाला आपलेपणाने शिरता येईल हे ठरते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्यांनी त्या दारावर आपल्या माणसाचे नाव मागितले. ती मागणी ज्ञानावरच्या हक्काची होती.

तरीही नाव दारापर्यंतच नेते. आत काय मिळते हे नावावरून कळत नाही, आणि नेमकी इथेच आपली गल्लत होते. परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्तीसुद्धा जागतिक क्रमवारीतल्या वरच्या काही शे विद्यापीठांपुरती असते. या क्रमवाऱ्या लावणाऱ्यांपैकी एका प्रसिद्ध संस्थेच्या पद्धतीत सर्वांत जास्त वजन कशाला असते? जगभरच्या प्राध्यापकांना पाठवलेल्या मतचाचणीला. म्हणजे ज्याचे नाव आधीच झाले आहे त्याचेच नाव पुन्हा होते. यात लबाडी आहे असे नाही, पण क्रमांक पाहून विद्यापीठ निवडणारा मुलगा दुसऱ्यांच्या मताला आपले कारण समजतो. शिवाय विद्यापीठ जुने आणि प्रतिष्ठित आहे एवढ्यावरून ते आपले होते असेही नाही.

याचा धडा आपल्या आज्या-पणज्यांनी हैदराबादेत घेतला. निजामाच्या राजवटीत या भागातल्या मुलांसाठी प्रतिष्ठेचे विद्यापीठ एकच होते: १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया. त्याची थोरवी नाकारता येणार नाही. इंग्रजीच्या त्या जमान्यात वैद्यक, कायदा, गणित, विज्ञान हे सगळे उर्दूतून शिकवण्याचा घाट त्याने घातला. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग काढला, शास्त्रीय परिभाषा घडवली, ग्रंथ उर्दूत आणवले. भारतीय भाषेतून आधुनिक उच्च शिक्षण देता येते हे त्याने करून दाखवले. पण ती भाषा राज्यकर्त्यांची होती. राज्यातली बहुसंख्य जनता तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती. मराठी मुलाने माध्यमिक शाळेपासून उर्दूत डोके घालायचे आणि त्यातून निभावला तर उस्मानियाच्या दारात पोहोचायचे, असा तो रस्ता होता. वसमत किंवा औंढ्याच्या किती मुलांना तो जमणार?

त्याच उस्मानियात आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात १९३८ साली वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. बंदी आली, मुले मागे हटली नाहीत आणि शेकडोंच्या संख्येने काढून टाकली गेली. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने दार उघडले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या काढून टाकलेल्यांपैकीच एक. राजाच्या पैशावर, राजाच्या भाषेत चाललेल्या विद्यापीठाने राजालाच प्रश्न विचारणारी मुले तयार केली. उस्मानियाच्या चालकांना हे अभिप्रेत नव्हते. पण हुशार पोरे दूरदूरच्या गावांतून आणून एका छपराखाली ठेवली, त्यांच्या हाती पुस्तके दिली आणि रात्री जागून वाद घालायला वेळ दिला, की त्यातून काय निघेल यावर कुलगुरूंचाही ताबा राहत नाही. जुन्या विद्यापीठात शिकण्याचे पहिले खरे कारण मला इथे दिसते. तिथे मिळणारे सोबती अभ्यासक्रमात छापलेले नसतात, पण अभ्यासक्रमाहून जास्त घडवतात ते तेच.

दुसरे कारण नांदापूरचे आहे. आजच्या हिंगोली जिल्ह्यातले हे गाव. इथले डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ अभ्यासकांना माहीत आहे. त्यांचे भाचे म्हणजे नरहर कुरुंदकर. १५ जुलै १९३२ रोजी नांदापुरात जन्मलेला, वसमतच्या शाळेत शिकलेला हा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादला सिटी कॉलेजात गेला. तिथे निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात पडला, इंटरमीजिएटच्या परीक्षेत नापास झाला आणि नांदेडला येऊन शाळामास्तर झाला. पदवी बऱ्याच उशिरा, नोकरी करता करता मिळाली. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात तो प्राध्यापक झाला, प्राचार्य झाला. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना, मनुस्मृतीवरची व्याख्याने, ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ यांमुळे सगळा महाराष्ट्र त्याला ओळखू लागला. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्याचा अंत झाला.

कुरुंदकरांची ही कहाणी आपल्याकडे नेहमी एका ठरलेल्या बोधासाठी सांगतात: बघा, पदवी नसली तरी माणूस मोठा होतो; मग कशाला हवीत मोठी विद्यापीठे? मला यातून नेमका उलटा बोध दिसतो. कुरुंदकर नापास झाले ते परीक्षेत. विद्यापीठ त्यांना मामाच्या घरात मिळाले होते. प्राचीन मराठी काव्याचा संशोधक घरात, त्याच्याकडे येणारी-जाणारी विद्वान माणसे, शहरातली ग्रंथालये, चार भाषांचे आणि दोन धर्मांचे हैदराबाद, आणि त्यात पेटलेला राजकीय लढा. उर्दूची जाण, इस्लामचा अभ्यास, संस्कृत काव्यशास्त्राशी झोंबण्याची तयारी या त्यांच्या लेखनातल्या गोष्टी वसमतच्या शाळेत एकट्याने बसून आल्या नसत्या. त्यांना विद्यापीठाचा गाभा मिळाला, फक्त कागद उशिरा आला. आज पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आपल्या अनेक मुलांचे याच्या बरोबर उलटे होते.

आणि कुरुंदकरांना मामा होते. ज्याला असा मामा नाही त्याने काय करायचे? एका माणसाला नशिबाने, नात्याने जे घर मिळाले ते बिननात्याच्या हजारोंना मिळावे, यासाठीच तर विद्यापीठ नावाची व्यवस्था असते. अपवादाचे उदाहरण देऊन गरिबाच्या पोराला ‘तूही घरी बसून मोठा हो’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

विद्यापीठाचा हा गाभा, म्हणजे तिथे जाण्याचे दुसरे कारण, नेमके काय? माझ्या मते ज्ञान अजून जिथे पक्के झालेले नाही, त्याच्यावर भांडण चालू आहे, अशा जागी बसायला मिळणे. तालुक्याच्या कॉलेजात, क्लासमध्ये, गाइडमध्ये ज्ञान तयार होऊन आलेले असते. प्रश्न ठरलेले, उत्तरे ठरलेली, त्यांचे गुणही ठरलेले. हे शिक्षण वाईट नाही. त्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. पण ज्याने आयुष्यभर फक्त तयार उत्तरे पाहिली, त्याला उत्तरे माणसे तयार करतात आणि माणसेच ती मोडतात, हे कधी समजतच नाही.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचे उदाहरण पाहा. १९६१ च्या सुरुवातीला केंब्रिजमधल्या मार्टिन राईल या बड्या शास्त्रज्ञाने रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून जाहीर केले की फ्रेड हॉइल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत टिकत नाही. नारळीकर तेव्हा हॉइल यांचे संशोधक विद्यार्थी होते, वय २२. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत राईल यांना उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा हॉइल यांना दुसरीकडे व्याख्यान होते. उत्तर नारळीकरांनी दिले. गंमत अशी की पुढे पुरावे हॉइल यांच्या विरोधातच गेले आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी स्थिर विश्वाचा सिद्धांत सोडून दिला. पण त्या सभेत एका बावीस वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्याचे म्हणणे विषयातल्या सर्वांत जाणत्या माणसांनी कान देऊन ऐकले आणि त्याचा प्रतिवाद केला. चुकण्याची मुभा आणि चूक दाखवू शकणारे श्रोते या दोन गोष्टी एकत्र मिळणे फार दुर्मिळ असते. जुन्या विद्यापीठांची खरी श्रीमंती तीच. अर्थात नारळीकरांचे वडीलही केंब्रिजमध्येच शिकलेले होते. त्या दाराची कडी कुठे आहे हे त्यांच्या घरात ठाऊक होते.

ज्यांच्या घरात ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, त्या आंबेडकरांकडे पाहिले की हे आणखी स्वच्छ दिसते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे सेलिग्मन अर्थशास्त्र शिकवत होते, जॉन ड्यूई तत्त्वज्ञान. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. इथे शाळेत ज्या मुलाला वेगळे बसवले होते, तो आता जातीकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहत होता, तिच्याबद्दल सिद्धांत मांडत होता, इतरांचे सिद्धांत खोडत होता. सोसलेल्या गोष्टीचा असा अभ्यास करता येणे हा केवढा मोठा बदल आहे! कोलंबियाने त्यांना दुःख शिकवले नाही, ते त्यांच्याकडे होतेच. त्या दुःखाला प्रश्नाचे रूप देण्याची हत्यारे दिली. वीस वर्षांनी जातिसंहारावरचे भाषण लिहिताना ड्यूईंचे ऋण त्यांनी नाव घेऊन मान्य केले. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तेव्हा नोकरी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची पदवी त्यांना कुणाला दाखवायची नव्हती. काम अपुरे राहिले होते, म्हणून ते परत गेले.

आता पुण्याच्या सदाशिव पेठेत या. हिंगोली, परभणी, नांदेडची मुले तिथे खोली करून राहतात, मेस लावतात, अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेतात आणि एमपीएससीसाठी इतिहासाची पाने घोकतात. त्याच पेठेत १९१० साली वि. का. राजवाडे यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. ज्या कागदांवरून तो इतिहास लिहिला गेला ते मोडी कागद तिथल्या दप्तरांत आहेत. चालत जाण्याच्या अंतरावर १८८५ चे फर्ग्युसन आहे, त्याच्या पलीकडे १९१७ ची भांडारकर संस्था, आणखी पुढे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय. मुलगा घर सोडून, बापाचे सोयाबीन विकून आलेल्या पैशांवर, महाराष्ट्रातल्या ज्ञानाच्या सर्वांत जुन्या वस्तीत चार-पाच वर्षे राहतो आणि त्यातल्या एकाही दारात शिरत नाही. यात त्या मुलाचा दोष काढणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. त्याला कुणी सांगितलेच नाही की तिथे त्याच्यासाठी काही आहे. त्याच्या घराने, शाळेने आणि क्लासने त्याला पुण्याचा एकच उपयोग शिकवला.

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला: आता सगळे मोबाइलवर आहे. शोधगंगेवर देशभरचे प्रबंध फुकट वाचता येतात, आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने औंढ्याच्या बसस्टँडवर ऐकता येतात; मग जायचे कशाला? खरे आहे, ग्रंथालय खिशात आले. ज्याला जाणे शक्यच नाही त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे आणि तिचा पुरेसा वापर आपण करत नाही. पण व्याख्यान ऐकणाऱ्या मुलीला त्या प्राध्यापकाचे पटले नाही तर ती काय करणार? पुस्तक खिशात आले. आपले म्हणणे ऐकून, ते कुठे पोकळ आहे हे समोर बसून दाखवणारा माणूस अजून आलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ही प्रतिष्ठित विद्यापीठे आपल्या पोरांना सांभाळतात कुठे? इंग्रजीवरून, आडनावावरून, आरक्षणावरून तिथे होणारे अपमान ऐकीव नाहीत. २०१६ साली हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातल्या रोहित वेमुलाने आत्महत्या केली तेव्हा देशभरातल्या विद्यापीठांना या प्रश्नाकडे पाहावे लागले. जुनेपणाबरोबर जुना माजही येतो, हे मान्यच केले पाहिजे. पण म्हणून जायचे नाही असे ठरवले, तर ज्यांनी दार अडवले त्यांचीच इच्छा पुरी होते. १९३८ च्या मुलांनी उस्मानिया सोडले तेव्हा शिक्षण सोडले नाही. ती नागपूरला गेली. नामांतराच्या लढ्यानेही विद्यापीठावर बहिष्कार घातला नाही, ते आपले आहे असे सांगितले. जाताना एकट्याने जाऊ नये, आधी गेलेल्यांचा पत्ता घेऊन जावे, मार्गदर्शक आणि वसतिगृह यांची चौकशी क्रमवारीच्या आधी करावी, एवढा शहाणपणा मात्र हवा. पैशांच्या अडचणीलाही आज थोडे मार्ग आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. रक्कम वेळेवर मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागतात ही लाज सरकारची. त्यामुळे हक्क सोडायचे कारण नाही.

तिसरा आक्षेप आपल्या जिल्ह्याच्या काळजाला लागणारा: गेलेला परत येत नाही. चांगली पोरे बाहेर जायची आणि इथे कोण उरायचे? त्याचे उत्तर हळदीच्या शेतात आहे. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव कितीही चढला तरी जाणता शेतकरी सगळे पीक विकत नाही. जेठे गड्डे पुढच्या सालच्या बेण्यासाठी राखतो. विद्यापीठाची पारखही बेण्यावरून करावी. त्याच्या किती पोरांना केवढे पॅकेज मिळाले हा मोंढ्याचा भाव झाला. त्यातून शिकून गेलेल्यांनी दुसऱ्या मातीत काय उगवले हे पाहावे. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे फर्ग्युसनला येऊन तुटपुंज्या पगारावर शिकवत राहिले. कोलंबिया आणि लंडनचे आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, आणि मराठवाड्यात विद्यापीठ यायला आठ वर्षे होती तेव्हा, १९५० साली, औरंगाबादला पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे कॉलेज सुरू केले. नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. मोठ्या विद्यापीठात जाण्याचे तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण हे आहे: संस्था कशी चालते, कशी टिकते, माणसे गेल्यावरही तिच्यातला वाद कसा जिवंत राहतो हे तिथे जवळून पाहायला मिळते. ज्याने चांगली संस्था कधी पाहिलीच नाही तो संस्था काढतो तेव्हा काय निघते, हे संस्थाचालकांच्या आपल्या भागात वेगळे सांगायला नको. इमारती निघतात, अनुदान निघते, शिक्षकभरतीचे दर निघतात.

परत येणे म्हणजे गावातच येऊन राहणे असेही नव्हे. कुरुंदकर नांदेडला राहिले, आंबेडकर मुंबईत. पण त्यांच्या कामाचा पत्ता मराठवाड्याचा होता.

हे सगळे आज बोलायला एक तातडीचे कारण आहे, आणि ते औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ उभे राहते आहे. गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा तिथे होणार. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असा लांबीतला फरक टिपायचा. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिली लहर सापडल्याचे जाहीर केले, आठवडाभरात केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी आली. या यंत्राचा उगम कुठला? एमआयटीत रायनर वाइस १९६० च्या दशकाच्या अखेरीस सापेक्षतेचा वर्ग घेत होते. गुरुत्वीय लहरी मोजण्याचे तेव्हा चर्चेत असलेले प्रयोग विद्यार्थ्यांना समजावून सांगणे त्यांना जमेना, म्हणून त्यांनी स्वतःच एक सोपा विचारप्रयोग रचला आणि उदाहरण म्हणून वर्गाला सोडवायला दिला. त्या वर्गपाठापासून पहिली लहर सापडेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे लागली, आणि २०१७ साली वाइस यांना नोबेल मिळाले. हेच वाइस विद्यार्थिदशेत एमआयटीतून नापास होऊन बाहेर पडले होते. त्याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम धरून ते पुन्हा आत आले. नापास झालेल्या माणसाला परत आत येऊ देणारी आणि एका प्रश्नाला पन्नास वर्षे थांबू देणारी जागा, यापेक्षा नामवंत विद्यापीठाची चांगली व्याख्या मला सुचत नाही. आपल्याकडे आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी याच लहरींच्या गणितावर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करत होते. तेव्हा या कामाला बाजारात काडीची किंमत नव्हती. तरी ते होत राहिले, म्हणूनच आज हे यंत्र भारतात येऊ शकते.

म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या जमिनीवर जगातल्या सर्वांत नाजूक यंत्रांपैकी एक येते आहे. प्रश्न एवढाच की ते चालवताना, त्यातून निघालेल्या आकड्यांवर भांडताना आपल्या जिल्ह्याची मुले कोणत्या खुर्चीत असतील? जमीन आपली, रस्ता आपला, आणि आपल्या पोरांच्या वाट्याला फाटकावरची पहारेदारी व साहेबांची गाडी, असे व्हायचे नसेल तर आजच्या आठवी-नववीतल्या मुलींनी पुढे आयसर, आयआयटी, आयुका, कॅलटेक असा रस्ता धरला पाहिजे. त्या रस्त्याने पाठवताना ‘मोठे नाव आहे’ एवढेच कारण त्यांना दिले तर त्या नाव घेऊन बेंगळुरूच्या कुठल्या तरी कंपनीत जातील. तो त्यांचा अधिकार आहेच. पण औंढ्याला परत बोलावणारा प्रश्न त्यांच्या डोक्यात रुजलेला नसेल.

तो प्रश्न रुजवायचे काम केंब्रिज करू शकत नाही. ते हिंगोलीच्या आदर्श आणि शिवाजी महाविद्यालयात, वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयात, जिल्हा परिषदेच्या शाळेत व्हायला हवे. त्यासाठी कोटींचा निधी लागत नाही. आठवड्यातून एक तास असा ठेवता येईल, ज्यात शिक्षक उत्तर माहीत नसलेला प्रश्न फळ्यावर लिहील आणि मुलांनी दिलेल्या उत्तरांना गुण न देता ती तपासायला लावील. जिल्ह्यातून मोठ्या विद्यापीठांत गेलेल्यांची यादी प्रत्येक महाविद्यालयाने ठेवावी आणि दरवर्षी त्यांतल्या दोघा-तिघांना सत्काराच्या शालीऐवजी वर्गावर बोलवावे. पालकांनीही प्रवेशाच्या वेळी पॅकेजच्या जोडीला आणखी एक चौकशी करावी: इथे पहिल्या वर्षाच्या मुलाला प्राध्यापकाचे म्हणणे खोडता येते का, आणि खोडले तर पुढे काय होते? ज्या संस्थेला या प्रश्नाचे उत्तर देता येते ती कालपरवा निघालेली असली तरी विद्यापीठ आहे. ज्या संस्थेला तो उद्धटपणा वाटतो तिला शंभर वर्षे झाली असली, तरी तिथे पदवीपलीकडे काही मिळणार नाही, हे धरून फी भरावी.